किल्ले त्यांचे आणि डोंगर तुमचे? स्कॉटलंडात अशी वाटणी होत नाही

पत्र : आम्ही साताऱ्याचे. मी शाळेत भूगोल शिकवते, वय ५५. मिस्टर गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाले. मुलगा-सून लीड्सला असतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांच्याकडे जाणार आहोत आणि त्यातले नऊ मुक्काम भाड्याची गाडी घेऊन आम्ही दोघंच स्कॉटलंड फिरायचं ठरलंय. लग्नाला तीस वर्षं होतील, पण असं दोघंच कधी बाहेर पडलो नाही. यांना गडकोटांचं वेड. तरुणपणी दर रविवारी डोंगरात असायचे. आता कागदावर सोळा किल्ले लिहिलेत, शिवाय उत्तरेच्या समुद्रकाठचा तो पाचशे मैलांचा रस्ता. मला पडक्या भिंती बघून काही कळत नाही. माझा गुडघाही दुखतो. मला डोंगर, तळी बघत शांत बसायचंय. हे म्हणतात, ‘बसायला आपलं कास पठार आहेच की.’ राजस्थानात असंच झालं. पाच किल्ले मी निमूट चढले, सहाव्याला गाडीतच बसून राहिले. पुढे दोन दिवस आमचं बोलणं बंद. मलाही गाडी येते, पण तिकडे चालवणार तेच, असं म्हणतात. जावं, की मुलाकडेच राहावं?
— एक सातारकर

उत्तर :

ताई, नमस्कार.

जा. मुलाकडे राहायचा विचार मनातून काढून टाका. तीस वर्षांनी दोघंच निघायचा योग आलाय, तो एका कागदापायी घालवू नका. तो कागद मात्र बदलावा लागेल आणि हॉटेलांची बुकिंग व्हायच्या आत बदलावा लागेल.

तुमच्या पत्रात तुम्ही एक वाटणी गृहीत धरली आहे, किल्ले त्यांचे आणि डोंगर तुमचे. तुमचे मिस्टरही तसंच धरून चाललेत. स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात, ही वाटणी टिकत नाही. तिथल्या ज्या दऱ्या बघून ‘काय सुंदर, चिटपाखरू नाही’ असं आपण म्हणतो, त्यातल्या कितीतरी दऱ्यांत एके काळी गावं होती. माणसं हटवली, मारली किंवा देशोधडीला लावली, म्हणून आज तिथे शुकशुकाट आहे. आणि किल्ले पडले त्यांतलेही काही अशाच झगड्यांत.

ग्लेन्कोचं सांगते. स्टर्लिंगहून येऊन ए८२ या रस्त्याला लागलं की वर जाताना आधी रॅनोकचं दलदलीचं माळरान लागतं, आणि मग रस्ता एका खोल दरीत शिरतो. डाव्या हाताला डोंगराच्या तीन प्रचंड सोंडा एकीला लागून एक उतरलेल्या दिसतात. त्यांना ‘थ्री सिस्टर्स’ म्हणतात. तुम्ही वर्गात फळ्यावर ‘यू’ आकाराची दरी आणि लोंबती दरी काढून दाखवत असाल. ती इथे डोळ्यांसमोर आहे. या सोंडांच्या मधे, मुख्य दरीच्या बऱ्याच वर, एक दरी लपलेली आहे. तिचं तोंड खालून दिसतं, पोट दिसत नाही. मोठ्या हिमनदीने मुख्य दरी खोल कोरली, बाजूची छोटी वरच राहिली. भूगोल एवढाच. पण खालून पोट दिसत नाही म्हणूनच ग्लेन्कोचे मॅकडोनाल्ड कुळाचे लोक आपली गुरं, आणि पळवून आणलेली गुरंही, तिथे लपवायचे. तुमची लोंबती दरी आणि त्यांचा इतिहास एकाच जागी आहे, ताई. तिथवर चढायची वाट खडकाळ आहे, गुडघ्याला झेपणार नाही. खाली रस्त्याकडेच्या वाहनतळावरून बघा. मिस्टरांना जायचं असेल तर खुशाल जाऊ दे.

त्याच दरीत १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे जे घडलं ते मात्र दोघांनी एकत्र ऐकावं. राजाचं फर्मान होतं की हायलँडच्या सरदारांनी १ जानेवारीच्या आत निष्ठेची शपथ घ्यावी. ग्लेन्कोचा म्हातारा सरदार शेवटच्या क्षणी फोर्ट विल्यमला गेला. शपथ इथे नाही, इन्व्हररेला होते, असं सांगून त्याला तिकडे धाडलं. बर्फातून तो पोचेपर्यंत मुदत उलटली. मग फेब्रुवारीच्या सुरुवातीला सैनिक दरीत आले, तेही पाहुणे म्हणून. जवळजवळ दोन आठवडे ते याच घरांत जेवले, झोपले. आणि एका पहाटे, ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्यावरच तलवार उपसली. ३८ जण मारले गेले. पळालेल्यांपैकी कितीतरी जण बर्फात गारठून गेले. आजही दर १३ फेब्रुवारीला तिथल्या स्मारकापाशी लोक जमतात. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडच्या माहिती केंद्रात त्या काळचं एक घर पुन्हा बांधून दाखवलंय. आतून काठ्यांची विणलेली भिंत, बाहेरून मुळांसकट कापलेल्या गवताच्या लाद्यांचा थर. आत जाऊन उभ्या राहा. अशी घरं पडली की मागे भग्नावशेष उरत नाहीत, नुसता गवताचा उंचवटा राहतो. पुढे दरीत असा उंचवटा दिसला की तुम्हाला तो कळेल, आणि मला वाटतं, मिस्टरांच्या आधी तुम्हालाच कळेल.

आता एक ठिकाण जे त्यांच्या सोळात बहुधा नसेल. इन्व्हर्नेसच्या उत्तरेला आर्डगाय नावाचं गाव आहे. तिथून सुमारे दहा मैल एकेरी रस्त्याने आत गेलं की क्रोइकचं छोटं चर्च लागतं. १८४५ साली शेजारच्या ग्लेनकाल्व्हीच्या दरीतल्या कुळांना जमीनदाराच्या कारभाऱ्याने बाहेर काढलं. मेंढ्यांसाठी रान मोकळं हवं होतं. ऐंशीच्या आसपास माणसं, त्यांत लहान मुलंही, या चर्चच्या आवारात कापडं बांधून राहिली. त्यांनी पूर्वेकडच्या खिडकीच्या काचांवर बाहेरच्या बाजूने अक्षरं कोरली. शंकरपाळ्याच्या आकाराच्या त्या काचा अजून तशाच आहेत. ग्लेनकाल्व्हीची माणसं इथे आवारात होती आणि तारीख मे १८४५, एवढं आजही वाचता येतं. एका काचेवर त्यांनी स्वतःलाच ‘दुष्ट पिढी’ म्हटलंय. हे आपल्याच पापाचं फळ असणार, असं त्यांना वाटलं असावं. अक्षरं फिकी आहेत, काच तिरपी बघावी लागते. अख्ख्या हायलँड्समध्ये मला याहून मोठा अवशेष ठाऊक नाही. याला तिकीट नाही आणि चढ तर नाहीच.

आणि हे मिस्टरांना आवर्जून सांगा. क्रोइक रॉस-शायर परगण्यात येतं. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूने ज्या दोन हायलँडर पलटणी उभ्या होत्या, त्यातली एक ७८ वी, तिचं नावच ‘रॉस-शायर बफ्स’. म्हणजे इंग्रजांनी ज्या मुलखातून आपल्याशी लढायला शिपाई आणले, त्याच मुलखातली कुळं चाळीसेक वर्षांनी मेंढ्यांपायी बेघर झाली. इन्व्हर्नेसजवळ फोर्ट जॉर्ज आहे. १७४६ च्या कलॉडनच्या लढाईनंतर हायलँड्सवर वचक ठेवायला बांधलेला, १७६९ मध्ये पुरा झालेला. तिथल्या संग्रहालयात या पलटणींचा वारसा मांडलाय. असईच्या लढाईबद्दल पलटणीला मिळालेल्या मानचिन्हात हत्ती आहे. साताऱ्याच्या माणसाने हे बघितल्याशिवाय परतू नये असं मला मनापासून वाटतं.

तर सोळांचं काय करायचं. एडिंबरा, स्टर्लिंग, एलन डोनन, अर्कर्ट, फोर्ट जॉर्ज आणि परतीच्या वाटेवरचा रुथवेन, एवढे सहा ठेवा. अ‍ॅबर्डीनकडचे सगळे सोडा. डनॉटर सोडताना त्यांना जड जाईल, कारण समुद्रात घुसलेल्या कड्यावरचा तो किल्ला आपल्या जलदुर्गांवर जीव असलेल्या माणसाला ओढणारच. पण तो देशाच्या दुसऱ्या काठाला आहे, आणि पायऱ्या बऱ्याच. उत्तरेचा पाचशे मैलांचा वळसाही या खेपेला नको. तो इन्व्हर्नेसहून सुरू होऊन इन्व्हर्नेसलाच संपतो, सुमारे ८३० किलोमीटर, आणि त्यालाच आठवडा द्यावा लागतो. नऊ मुक्कामांत तो कोंबलात तर काचेतून बाहेर बघण्यापलीकडे काही होणार नाही.

मुक्कामांचं माझं मत असं: एडिंबऱ्यात दोन, ग्लेन्कोत दोन, स्काय बेटावर तीन, इन्व्हर्नेसला दोन. एडिंबऱ्यात गाडी घेऊच नका. शहर पायी आणि बसने बघण्याचं आहे, पार्किंगचा मनस्ताप आणि भाडं दोन्ही वाचतं. निघायच्या सकाळी गाडी ताब्यात घ्या आणि स्टर्लिंग गाठा. स्टर्लिंगचा किल्ला मी एडिंबऱ्याहून सरस मानते. गर्दी कमी आणि तटावरून सगळा डाव समोर दिसतो. खाली फोर्थ नदी, १२९७ मध्ये जिथे स्कॉट वीर वॉलेसने इंग्रजांना गाठलं तो पुलाचा परिसर, आणि दक्षिणेला १३१४ च्या लढाईचं बॅनकबर्न. राजवाड्याचं मोठं दालन बाहेरून पिवळसर रंगवलंय, मूळ रंग तसाच होता म्हणून. पलीकडच्या टेकडीवरचं वॉलेस स्मारक खालूनच बघा, त्याला २४६ पायऱ्या आहेत.

एलन डोननबद्दल मिस्टरांना आधीच कल्पना देऊन ठेवा. कॅलेंडरवर सगळ्यात जास्त दिसणारा हा किल्ला १७१९ मध्ये आरमाराच्या जहाजांनी तोफा डागून आणि नंतर सुरुंग लावून पाडला होता. आज उभा आहे तो १९३२ मध्ये पुरा झालेला. अस्सल जुनं हवं असणाऱ्या माणसाचा तिथे विरस होऊ शकतो. माझ्या मते त्याची खरी मजा बाहेरून, संध्याकाळी, भरतीच्या पाण्यात. अर्कर्टचं उलट आहे. १६९२ मध्ये किल्ला सोडताना शिबंदीने स्वतःच दरवाजाचा बुरूज उडवला, शत्रूला उपयोग होऊ नये म्हणून. तेव्हा कोसळलेला बांधकामाचा एक अजस्र तुकडा अजून तसाच पडलाय. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या वाटा आणि तट कसे फोडले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या तुकड्यापाशी काही समजावून सांगावं लागणार नाही. आणि पाठीशी लॉख नेसचं लांबच लांब पाणी आहे, तिथे तुमच्यासाठी बाक आहेत.

स्कायचे तीन दिवस तुमचे. क्विरँगला घाटमाथ्यावरच गाडी लावता येते आणि उतरल्या पावली सगळा कोसळलेला कडा समोर असतो, चालायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी ब्रॉडफर्डहून एल्गोलचा रस्ता धरा. वाटेत रस्त्यालाच लागून किलक्राइस्टचं बिनछपराचं चर्च आहे, भोवती जुनी थडगी. शेवटी एल्गोलला समुद्राच्या खाडीपलीकडे कुलिनचे काळे सुळके. तिथे दुपार काढा. मिस्टर पुन्हा म्हणतील की डोंगर आपल्याकडेही आहेत. खरंच आहेत, आणि उंचही आहेत. ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १,३४५ मीटर, आपलं कळसूबाई १,६४६. पण सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा. हे डोंगर बर्फाने खरवडलेले. हा फरक त्यांना कड्याकडे बोट दाखवून समजावणारं दुसरं कोण आहे? त्यांनी आयुष्यभर तुम्हाला इतिहास सांगितला असेल, आता थोडा भूगोल ऐकू दे.

परतीला ए९ वर किंगुसीपाशी रुथवेनला थांबा. टेकाडावर बराकींच्या उघड्या भिंती, तिकीट नाही. कलॉडनला हरलेल्या जेकोबाइटांपैकी, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांपैकी, बरेच जण तिथे जमले होते, आणि ज्याने त्याने आपला जीव वाचवावा असा निरोप त्यांना तिथेच मिळाला. जाताना बराकींना आग लावून गेले.

आता गाडीचं. हा मुद्दा तुम्ही पत्रात शेवटी घातलाय, पण मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गाडी दोघांनीही चालवा. तिकडे आपल्यासारखंच डावीकडून चालायचं, स्टिअरिंगही उजवीकडे, आणि पाहुणे म्हणून गेलेल्यांना आपल्या भारतीय परवान्यावर १२ महिन्यांपर्यंत चालवता येतं. मूळ परवाना सोबत हवा. गाडी ठरवतानाच तुमचं नाव दुसऱ्या चालकाच्या जागी घालायला सांगा. वरचे पैसे पडतात, पण नाव नसताना चालवलंत तर विमा लागू होत नाही. ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं स्पष्ट सांगा, तिथे गिअरच्या गाड्या सर्रास मिळतात. मिस्टरांना एवढंच म्हणा की ग्लेन्कोतून उतरताना ज्याच्या हातात स्टिअरिंग असतं त्याला रस्त्यापलीकडे काही दिसत नाही. निदान तो पट्टा तरी तुम्ही चालवा आणि त्यांना बघू दे.

एकेरी रस्त्यांवर ठरावीक अंतरावर बाजूला सरकायच्या जागा असतात. समोरून गाडी आली की जागा आपल्या डावीकडे असेल तर आत शिरायचं. उजवीकडे असेल तर तिच्या समोर आपल्याच बाजूला थांबायचं, उजवीकडे घुसायचं नाही. मागे स्थानिक माणूस घाईत असेल तर त्यालाही तसंच पुढे जाऊ द्यायचं. फोटोसाठी त्या जागेत गाडी लावणं म्हणजे अख्खा रस्ता अडवणं. नकाशा दाखवतो त्या वेळेत निम्मी भर घाला. पाट्यांवरचे आकडे मैलांत असतात हेही ध्यानात असू द्या. मेंढ्या रस्त्यात बसतात, हॉर्नला दाद देत नाहीत.

हे सगळं मिस्टरांशी बोलायचं कसं, तर गाडीत बसल्यावर नाही. आत्ता, घरी, जेवणं झाल्यावर नकाशा पसरून. इथे तुम्हालाही एक सांगते, रागावू नका. राजस्थानात सहाव्या किल्ल्याला तुम्ही गाडीत बसून राहिलात ते मी समजू शकते. पण आधीचे पाच तुम्ही निमूट चढलात. त्या पाच किल्ल्यांत त्यांना कसं कळावं की तुम्हाला नको आहे? ज्या माणसाने तारुण्यातले रविवार गडांवर घालवले, त्याला आपल्या बायकोला हे दाखवायचं असतं. सोळाचा आकडा चुकीचा आहे, पण त्यामागे हौस आहे, तुमचा छळ नाही. तेव्हा सोळा नकोत असं सरळ सांगा, आणि त्याच दमात हेही सांगा की या सहांना मी आत येईन, गाडीत बसणार नाही. त्या बदल्यात दिवसाला एकच किल्ला, तोही दुपारच्या जेवणाआधी. दुपारनंतर घड्याळ न बघता तुमच्या शेजारी बसायचं. एखाद्या बुरुजावर त्यांना एकट्याने चढायचं असेल तर तासभर जाऊ दे, त्यात रुसण्यासारखं काही नाही.

तिकिटांचं आधी बघा. एडिंबरा, स्टर्लिंग, अर्कर्ट आणि फोर्ट जॉर्ज हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या सरकारी संस्थेकडे आहेत. त्यांचा एकत्रित पास मिळतो, तरी एडिंबऱ्याची वेळ आधी राखून ठेवा. एलन डोननचं तिकीट वेगळं. गेल्या काही वर्षांत दगडकामाच्या तपासणीसाठी काही अवशेषांचा भाग बंद ठेवतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर नजर टाका.

सप्टेंबरच्या सुरुवातीला हेदरची जांभळी फुलं अजून असतात, आणि मिज नावाची चावरी चिलटंही. वारा पडला की संध्याकाळी झुंडीने येतात. अंगाला लावायचं औषध तिथल्याच दुकानातून घ्या. लहान गावांत जेवणाची ठिकाणं रात्री लवकर बंद होतात, साडेसातच्या पुढे जेवण मिळेल असं धरून चालू नका. मेतकूट, कोरडी चटणी, दशम्यांचं पीठ बरोबर ठेवा. मुलासाठी कंदी पेढे मात्र नेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत, विमानतळावरच काढून घेतील.